लांब, वाकड्या चोचीचे परागवाहक



दक्षिण आणि आग्नेय आशियातील सदाहरित जंगलांत स्पायडरहंटर, म्हणजेच कोळी टिपणारे पक्षी, आढळतात.

त्यांच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, 'अ‍ॅरॅक्नोथेरा' हे शास्त्रीय नाव असून, ती शिंजिरांच्या कुळात मोडते. मात्र शिंजिरांचा नर बहुधा चमकदार रंगांचा असतो, तर यांचे नर-मादी बरेचसे सारखे दिसतात.

या पक्ष्यांची लांब, खाली वाकलेली चोच रानकेळीच्या फुलांतील मधापर्यंत पोहोचते आणि त्या वेळी अंगाला चिकटलेले परागकण, म्हणजे फलधारणेसाठी लागणारी सूक्ष्म भुकटी, पुढच्या फुलावर जातात.

हीच चोच कोळी टिपते, आणि कोळ्यांचेच रेशीम वापरून हे पक्षी केळीसारख्या रुंद पानाच्या खालच्या बाजूला आपले घरटे शिवतात.

यांपैकी छोटा स्पायडरहंटर गोव्यासह पश्चिम घाटात वावरतो.

श्रोतेहो, लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच: पक्ष्याला फूल अन्न देते, आणि फुलाला पक्षी पराग पोहोचवतो.

म्हणून ओढ्याकाठची रानकेळ तोडू नये. ती राखली, तर हा पक्षीही टिकेल.