प्लॅस्टिकच्या साखळीत धातूची कडी

फराळ वाट बघतोय, तेव्हा थोडक्यात बोलतो.

विजेच्या तारेवर प्लॅस्टिक चढवतात ते शॉक बसू नये म्हणून. पण प्लॅस्टिकमधूनही वीज वाहू शकते, हे दाखवणाऱ्या तिघांना २००० सालचं नोबेल मिळालं. त्यांतले ॲलन मॅकडायर्मिड आपल्याच नॉर्थ आयलंडवरच्या मास्टर्टनचे! घरची परिस्थिती बेताची. सोळाव्या वर्षी शाळा सोडून वेलिंग्टनच्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला लागले, तिथेच शिकले.

पॉलिॲसिटिलीन नावाच्या या प्लॅस्टिकच्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात. अशा साखळीवर इलेक्ट्रॉन सरकू शकतात, पण वाट मोकळी करून द्यावी लागते. शिराकावा, हीगर आणि मॅकडायर्मिड यांनी तिला आयोडिनची वाफ दिली, आणि वहनक्षमता सुमारे एक कोटी पटीनं वाढली! हे १९७७ साली प्रसिद्ध झालं.

मग साखळीतच धातू ओवला तर? त्याच दशकात जपानमध्ये ओसाकाला हागिहारा यांच्या गटानं ते केलं. कृती ऐका. दोन टोकांना ॲसिटिलीन असलेला एक रेणू. दोन क्लोरीन असलेलं प्लॅटिनमचं एक संयुग. चिमूटभर तांब्याचा क्षार. शिवाय एक अमाइन, कारण कडी जुळताना सुटणारं आम्ल टिपून घ्यायला कुणीतरी हवं. दोघांनाही दोन-दोन हात, म्हणून साखळी वाढत जाते.

खरी गोम मापात आहे. मुलगा-मुलगी, मुलगा-मुलगी असे हात धरून रांग करा. एका बाजूची पोरं जास्त झाली की दोन्ही टोकांना तीच उभी, रांग खुंटली! इथेही तसंच. एक टक्का जरी फरक पडला, तरी साखळी सरासरी दोनशे तुकड्यांच्या पुढे जात नाही.

एवढा खटाटोप कशाला? बऱ्याच सेंद्रिय पदार्थांत विजेनं आलेली तीन-चतुर्थांश ऊर्जा प्रकाश न देता उष्णता होऊन वाया जाते. प्लॅटिनम, इरिडियम यांसारखा जड धातू तिलाही उजेडाची वाट करून देतो. मोबाईलच्या ओएलईडी पडद्यातला लाल-हिरवा रंग इरिडियमच्या संयुगांचा असतो. तिथे साखळी नसते, पण तत्त्व हेच.

मॅकडायर्मिड २००७ साली गेले. वेलिंग्टनला त्यांच्या नावाची संशोधन संस्था आहे. आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावं असं आपल्याला वाटतं, जरूर वाटावं. पण एखादं पोर म्हणालं, "मला सुट्टीत प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्यात," तर नाही म्हणू नका.

शुभ दीपावली!