पुराव्याचे ओझे कोणी वाहावयाचे?

(माजी सैनिक व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसे पाठविणारी गावे आहेत. सैनिकाचा गौरव करण्यात आपला समाज सहसा कमी पडत नाही. परंतु हाच सैनिक हृदयविकार घेऊन घरी परततो आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मागतो, तेव्हा राज्यसंस्था त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलते, याचा विचार आज आपणास करावयाचा आहे.

समजा, एक हवालदार आहे. विसाव्या वर्षी तो भरती झाला. लष्कराच्याच डॉक्टरांनी त्याला तपासून निर्दोष ठरविले. पुढची वीस वर्षे त्याने बर्फाळ चौक्यांवर आणि बंडखोरीच्या प्रदेशात काढली. शेवटी शांत ठाण्यावर बदली झाली आणि तेथे एके दिवशी छातीत कळ आली. सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने अपंगत्व 30 टक्के ठरविले. पण त्याखाली एक वाक्य लिहिले : ‘हा विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही, वा सेवेमुळे बळावलेलाही नाही.’ या एका वाक्याने त्याचा दावा संपतो. कारण अपंगत्व किमान 20 टक्के असावे आणि त्याचा सेवेशी संबंध असावा, या दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

यात प्रश्न किती पैशांचा आहे? शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के, या हिशेबाने 30 टक्के अपंगत्वाला 9 टक्के मिळतात. 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेल्या तत्त्वाप्रमाणे 50 टक्क्यांखालील अपंगत्व 50 धरले, तर हे 15 टक्के होतात. सरकारी तिजोरीला ही रक्कम जड नाही. परंतु जन्मभर औषधे घ्यावी लागणाऱ्या माणसाच्या घरात तिचे मोल फार आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1982 च्या नियमांची भूमिका न्यायाची होती. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असे मानावे. दावा सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. वाजवी शंका असेल, तर तिचा फायदा त्याला द्यावा. 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. रोग भरतीच्या वेळी ओळखता येण्याजोगा नव्हता असे मंडळास म्हणावयाचे असेल, तर त्याने त्याची कारणे नमूद केली पाहिजेत, असेही बजावले.

पण दरम्यान 2008 चे नियम आले होते. रोग सेवेत असताना दिसून आला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे सिद्ध होत नाही, असे त्यांत म्हटले गेले. शिवाय सेवामुक्तीनंतर 15 वर्षांनी दावा केला आणि तोवर मुदत संपून कागदपत्रे नष्ट झालेली असली, तर पुरावा दावेदाराने द्यावयाचा! कागद नष्ट करणार सरकार आणि पुरावा आणणार हवालदार, असा हा न्याय आहे.

कोणी म्हणेल, हृदयविकार काय शेतकऱ्याला आणि कारकुनालाही होतो. त्यास तंबाखू, आहार, आनुवंशिकता ही कारणे आहेतच. हे खरे आहे आणि ते आपण नाकारता कामा नये. परंतु नेमक्या याच कारणासाठी शंकेचा फायदा देण्याचे तत्त्व निर्माण झाले. एका हृदयात बर्फाचा वाटा किती आणि तंबाखूचा किती, हे कोणताही डॉक्टर तोळ्यामाशाने मोजून देऊ शकत नाही. लष्कराच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेनेही शांत ठाण्यावरचा शारीरिक व मानसिक ताण कमी लेखलेला नाही. जेथे निश्चित उत्तर नाही, तेथे अनिश्चिततेचा भार दुबळ्याने वाहावयाचा की बलवंताने, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न कामगार चळवळीला नवा नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने काही धंद्यांपुरते मान्य केले होते, की ठराविक रोग त्या धंद्यातील कामगारास जडला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो कामामुळेच जडला असे समजावे. गणवेश चढविला म्हणून श्रमिक श्रमिक राहात नाही, असे थोडेच आहे?

21 सप्टेंबर 2023 पासून आणखी नवे नियम लागू झाले. सवलतीचा गैरवापर थांबविणे हे त्यांचे एक कारण सांगितले गेले. गैरवापर होत असेल तर तो जरूर थांबवावा. परंतु हे अपंगत्व-वेतन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत अधिक आहे, हे महालेखापरीक्षकांनी त्याच वर्षी नोंदविले आहे. मग वरच्यांवरील संशयाची शिक्षा खालच्या जवानाने का भोगावी?

सरकारला हे कोणी सांगितले नाही असेही नाही. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, माजी सैनिकांविरुद्ध अपिलांमागून अपिले करण्याच्या वृत्तीवर स्पष्ट टीका केली होती. तरीही सैन्यदल न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानाला पुढे उच्च न्यायालयात खेचणे थांबलेले नाही.

म्हणून आपली मागणी साधी आहे. सिद्धतेचा भार सरकारने वाहावा. मंडळाने नकार दिला तर कारणे लिहावीत. दावा चालू शकतो तोवर सैनिकाचे कागद जपावेत.

आणि कार्यकर्त्यांनो, तुमचेही काम आहे. आपल्या गावातील निवृत्त जवानांच्या घरी जा. वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत त्यांच्याजवळ आहे काय, ते पाहा. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून द्या. झटका येण्यापूर्वीच्या 14 दिवसांत त्याच्याकडे कोणते काम होते, हे लष्करी कागदांत पाहिले जाते. ती नोंद बरोबर आहे का, हे त्यालाच विचारा. नकाराचे पत्र आले असेल, तर पहिले अपील सहा महिन्यांच्या आत जाऊ द्या. एखाद्या घरी तो जवान आता हयात नसेल. तेथे त्याच्या पत्नीपाशी बसा.

हारतुऱ्यांपेक्षा या कामाची त्या घराला अधिक गरज आहे.