जाहिरातीचे आकडे आणि दुकानाची वही

आपल्या बाजारपेठांतील पुष्कळ व्यापारी आता फेसबुक, इन्स्टाग्राम अशा समाजमाध्यमांवर जाहिरात देऊ लागले आहेत. चार-आठ दिवसांनी मोबाइलवर त्यांना हिशेब दिसतो : इतक्या हजारांपर्यंत जाहिरात पोहोचली, इतक्यांनी ती पसंत केली. मोठा आकडा पाहून संतोष वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु तो कोणी मोजला आणि कसा मोजला, हे क्वचितच विचारले जाते.

वृत्तपत्रांच्या बाबतीत हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला. खपाचा आकडा पत्राने स्वतःच सांगावा आणि जाहिरातदाराने तो मुकाट्याने मानावा, ही रीत पटेना. म्हणून 1948 साली आपल्या देशात ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था निघाली. समाजमाध्यमांवर मात्र लहान व्यापाऱ्यापुढे येणारा हिशेब जागा विकणाराच करतो. माल त्याचा आणि तराजूही त्याचाच!

या तराजूत फरक पडतो, याचा दाखला 2016 साली मिळाला. लोक चित्रफीत सरासरी किती वेळ पाहतात, हा आकडा आपण सुमारे दोन वर्षे फुगवून दाखवीत होतो, अशी कबुली फेसबुकने दिली. चूक भागाकारात होती. एकूण वेळेला सर्व प्रेक्षकांच्या संख्येने भागण्याऐवजी, तीन सेकंदांहून अधिक वेळ थांबलेल्यांच्याच संख्येने भागले जात होते. समजा, शंभरांपुढे चित्रफीत आली. साठ जण एका सेकंदात निघून गेले, चाळिसांनी ती तीस सेकंद पाहिली. खरी सरासरी 12.6 सेकंद; या रीतीने ती भरते 31.5. म्हणजे एकाही माणसाने पाहिली नाही इतका वेळ! पुढे जाहिरातदारांनी दावा लावला आणि 2019 साली कंपनीने 4 कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

दुसरा दाखला 2017 चा. अमेरिकेतील 18 ते 24 वर्षांच्या 4 कोटी 10 लाख तरुणांपर्यंत जाहिरात पोहोचू शकेल, असा फेसबुकचा अंदाज होता. जनगणनेप्रमाणे त्या वयाची माणसे होती सुमारे 3 कोटी 10 लाख. आमचे अंदाज जनगणनेशी जुळावेत अशा बेताने केलेलेच नसतात, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा प्रामाणिक असेलही. पण पैसे मोजणाऱ्याने त्यातून काय समजावे?

आणि आकडा अगदी खरा असला, तरी जाहिरात पाहणारा गिऱ्हाईक तिच्यामुळेच आला, असे ठरत नाही. ईबे या कंपनीने शोधयंत्रांवरील स्वतःच्या नावाच्या जाहिराती काही काळ बंद करून पाहिल्या. येणारे लोक जवळजवळ सगळे जाहिरातीवाचूनही येतच राहिले.

हा प्रयोग लहान दुकानदारालाही जमण्यासारखा आहे. बेळगावच्या साडीविक्रेत्याने पंधरा दिवस निपाणीकडे जाहिरात दाखवावी, खानापूरकडे बंद ठेवावी. पुढील पंधरवड्यात उलट करावे. बिल करताना गिऱ्हाइकाचे गाव तेवढे विचारून वहीत टिपावे. प्रयोग लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर मात्र करू नये. त्या दिवसांत गिऱ्हाईक जाहिरातीची वाट पाहत बसत नाही.