मुलांना सांगता येईल असे घर

(एका माध्यमिक शाळेतील विद्यार्थी-पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘मोबाईल : शाप की वरदान’ हा विषय शालेय निबंधांतून इतका झिजला आहे की, आज पुन्हा त्या वादात शिरण्याची माझी इच्छा नाही. २०२० साली महामारीमुळे शाळांची दारे बंद झाली, तेव्हा आपणच हे यंत्र मुलांच्या हाती दिले आणि त्यातच वर्ग भरवले. आज गृहपाठापासून प्रवेशअर्जापर्यंत बहुतेक व्यवहार त्यातूनच चालतात. तेव्हा त्याहून निकडीचा प्रश्न मी विचारणार आहे. या यंत्रामुळे आपले मूल संकटात सापडले, तर ते प्रथम कोणाकडे धाव घेईल?

आपल्याला वाटते, आपल्याकडेच. फसवणूक करणाऱ्याचा हिशेब मात्र याच्या नेमका उलट असतो. त्याची रीत समजून घ्या. एखाद्या ऑनलाइन खेळात किंवा इन्स्टाग्रामवर अनोळखी खात्यावरून मैत्रीची विनंती येते. मुखवटा समवयस्काचा असतो. काही दिवस गोड गप्पा होतात, कौतुक होते, घरच्यांविषयीच्या तक्रारी मोठ्या सहानुभूतीने ऐकून घेतल्या जातात. मग एक खासगी छायाचित्र मागितले जाते आणि ते हाती पडताच भाषा पालटते : पैसे दे, नाहीतर हे तुझ्या आईवडिलांना पाठवतो. धमकी कोणाच्या नावाने दिली जाते, ते पाहा! मुलाला आपल्याच घराची जी भीती वाटते, ती या माणसाचे भांडवल असते. हा प्रकार केवळ मुलींच्या बाबतीत घडतो, असाही समज नको. पैशासाठी केल्या जाणाऱ्या या छळात कुमारवयीन मुलगे मोठ्या संख्येने ओढले जातात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी सहलीतल्या साध्या छायाचित्रावरूनही बनावट अश्लील चित्र तयार करता येते. म्हणजे ज्याने कोणालाही काहीच पाठवलेले नाही, असे मूलही या कचाट्यात सापडू शकते.

विद्यार्थी मित्रहो, असे काही घडले तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढत जाते. घाबरून संभाषण पुसूनही टाकू नका, कारण तोच पुरावा आहे. स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, पैसे मागण्यासाठी दिलेला क्रमांक जपून ठेवा, मग ते खाते ब्लॉक करा आणि त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. चित्र पसरण्याची धास्ती असेल, तर ‘टेक इट डाउन’ नावाची एक विनामूल्य सेवा आहे. हरवलेल्या व शोषित बालकांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय केंद्राने ती चालवली असून अठरा वर्षांखालील वयात काढलेल्या चित्रांसाठी ती आहे. त्यासाठी चित्र कोणालाही पाठवावे लागत नाही. तुमच्याच यंत्रावर त्याचा एक अंकीय ठसा तयार होतो, आपल्या बोटाच्या ठशासारखा. केवळ तो ठसा सहभागी संकेतस्थळांकडे जातो आणि तेच चित्र तेथे आले, तर ते ओळखून काढता येते. कूटबद्ध खासगी संदेशांपर्यंत मात्र या उपायाची पोच नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुलांना सहसा कोणी सांगत नाही. वर्गाच्या गटात एखाद्या मैत्रिणीचे तसले चित्र आले आणि आपण ते गंमत म्हणून पुढे पाठवले, तर आपण केवळ प्रेक्षक राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब या कलमाखाली अल्पवयीनांची अश्लील चित्रे प्रसारित करणे हा गुन्हा आहे. पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाठवणारा स्वतः अठरा वर्षांखालील असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. पण जाते, हे विसरू नये.

आता पालकांशी दोन शब्द. ‘पोलिसांत गेलो तर बदनामी होईल’ या भयाने किती कुटुंबे गप्प बसतात! या भयाचा विचार कायद्याने केलेला आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणून ओळखतो, सांगतो की बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत. बालकाची ओळख उघड होईल असा मजकूर प्रसिद्ध करण्यास वृत्तपत्रांना व वाहिन्यांना मनाई आहे. हे ठाऊक नसल्यामुळे आपण घाबरतो आणि आपले घाबरणे मुलांना आपल्या चेहऱ्यावर वाचता येते.

पैसे गेले असतील, तर एक तासही दवडू नका. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवल्यास, पैसे पुढे काढले जाण्यापूर्वी ते मधल्या खात्यात अडवून धरता येण्याची शक्यता असते. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही. मुलांनो, हे घरी जाऊन आजी-आजोबांना अवश्य समजावून सांगा. त्यांना त्याची तुमच्याहून अधिक गरज आहे.

परंतु मूल येऊन सांगेल केव्हा? ते बोलायला येते आणि आपली मान आपल्याच मोबाईलमध्ये खाली असते! सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद. हा विचार प्रथम मांडला गेला, तेव्हा गावातल्या पुरुषांनी त्याची थट्टा केली. स्त्रियांनी मात्र आपणही मालिकांच्या आहारी गेलो आहोत, हे मोकळेपणाने मान्य करून संपूर्ण गावाने यंत्रे बंद ठेवावीत, असा आग्रह धरला. सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या माणसांना घरोघर फिरून विनवणी करावी लागली. मला या उपक्रमात महत्त्वाचे वाटते ते हे की, नियम मुलांपुरता नव्हता. मुलाच्या हातातील यंत्र काढून घेऊन स्वतः चित्रफिती पाहत बसणारा बाप तेथे नियमात बसत नव्हता. भोंग्याने कोणताही भामटा पळून जात नाही, हे मला कळते. पण दिवेलागणीच्या त्या दीड तासात घरातली माणसे एकमेकांकडे मोकळ्या नजरेने पाहू शकतात आणि एखादा मुलगा जेवताना अबोल झाला आहे, हे आईच्या ध्यानात येऊ शकते. तो सांगायला लागला, तर त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत रागावू नका. ‘तरी मी सांगत होते’ हे वाक्य त्या रात्री उच्चारू नका. मोबाईल जप्त करण्याची धमकी तर मुळीच देऊ नका. तसे केले, तर पुढच्या वेळी ते मूल आपल्याकडे येणार नाही.

मागच्या फलकावर दोन क्रमांक लिहिले आहेत. १९३० सायबर तक्रारीसाठी आणि १०९८ बालकांच्या मदतीसाठी; ही दुसरी सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. दोन्ही क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या. बालकांच्या अश्लील चित्रांविषयीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर नाव न देताही करता येते. आता आपल्या शंका विचाराव्यात. ज्यांना सर्वांसमोर बोलायचे नसेल, त्यांनी चिठ्ठी लिहून दाराजवळच्या पेटीत टाकावी. चिठ्ठीवर नाव लिहिण्याची गरज नाही.