आठवणीला विजेचा स्पर्श

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सव समितीने मला ‘शाळेच्या आठवणी’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. परंतु सकाळपासून त्या आठवणी इतक्या जणांनी इतक्या गोडीने सांगितल्या आहेत की माझ्या वाट्याला फारसे काही उरलेले नाही. म्हणून समितीची क्षमा मागून मी शाळेच्या आठवणींऐवजी आठवण या गोष्टीविषयीच बोलणार आहे. त्याला निमित्त झाले एका पालकांच्या प्रश्नाचे.

इंटरमीजिएटला असलेल्या मुलाचे ते वडील. मुलगा आपल्याच शाळेत दहावीपर्यंत शिकलेला. ते एका सायंकाळी कार्यालयात आले आणि त्यांनी भ्रमणध्वनीवर मला एक जाहिरात दाखवली. कपाळाला बांधायचा एक पट्टा होता. त्यातून मेंदूला सौम्य वीज मिळते आणि वाचलेले सारे वेळेवर आठवते, असा त्या जाहिरातीचा दावा होता. ‘‘बाई, घेऊ का? प्रवेशपरीक्षा चार महिन्यांवर आली आहे,’’ असे त्यांनी विचारले. मी त्यांना आठ दिवसांनी येण्यास सांगितले. विषय अपरिचित होता म्हणून नव्हे. अशाच एका उपचारासाठी मी स्वतः मोजलेल्या पैशांची पावती त्या क्षणी माझ्या टेबलाच्या खणात होती, म्हणून. त्या पावतीकडे मी पुढे येईन.

मी मराठीची एम. ए. विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना छळून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

कॅनडातील माँट्रियल शहरात वाइल्डर पेनफिल्ड नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या रुग्णांवर ते शस्त्रक्रिया करीत, आणि त्या वेळी रुग्ण जागा असे. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. त्यामुळे केवळ त्वचा बधिर करून कवटी उघडता येते आणि रुग्णाशी बोलत बोलत पुढचे काम करता येते. कोणता भाग कापला तर चालेल हे ठरवण्यासाठी पेनफिल्ड विजेची बारीक सळई मेंदूच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी टेकवीत. कानाच्या वरच्या बाजूचा भाग असा चेतवला असता काही रुग्ण चकित करणाऱ्या गोष्टी सांगू लागले. कोणाला ओळखीचा आवाज ऐकू आला, कोणाला वाद्यवृंदाचे सूर. वीज थांबली की सूर थांबत.

या निरीक्षणांतून एक समज जगभर पसरला, आणि तो आपल्याही मनात कोठेतरी बसलेला आहे: मेंदूत सारे काही ध्वनिफितीसारखे जपलेले असते, फक्त बटण सापडले पाहिजे. पेनफिल्ड यांनी स्वतः १९६३ साली आपल्या सहकाऱ्यासह जो हिशेब प्रसिद्ध केला, तो मात्र फारसा कोणी वाचत नाही. तो भाग ज्यांच्या बाबतीत उघडा करून तपासला असे ५२० रुग्ण होते. असे अनुभव आले त्यांपैकी ४० जणांना. त्या ४० जणांना आले ते सारे खरोखर घडलेले होते की काही स्वप्नासारखे रचलेले होते, यावरही पुढे पुष्कळ वाद झाला.

पुढची पायरी आपल्याच हयातीतली. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१२ साली सात रुग्णांवर एक प्रयोग केला. फेफऱ्याचा उगम शोधण्यासाठी या रुग्णांच्या मेंदूत तारा आधीच बसवलेल्या होत्या. त्यांना संगणकाच्या पडद्यावर टॅक्सी चालवून उतारूंना ठरावीक दुकानांत पोहोचवायचे होते. हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग. त्याच्या प्रवेशद्वारासारख्या असलेल्या भागाला रस्ता शिकतानाच वीज दिली, तेव्हा तो रस्ता त्यांच्या अधिक चांगला लक्षात राहिला. वृत्तपत्रांनी आनंदाने मथळे दिले. परंतु २०१६ साली ४९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हिप्पोकॅम्पस आणि त्याच प्रवेशद्वाराला वीज दिल्यावर स्मरण सुधारण्याऐवजी बिघडले.

असे का व्हावे? याचे जे उत्तर पुढे येत गेले ते मला शिक्षिका म्हणून फार ओळखीचे वाटले. वर्गात शेवटच्या बाकावर एखादा मुलगा पेंगत असेल आणि शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसले, तर तो जागा होतो आणि फळ्याकडे पाहतो. पण मन लावून ऐकणाऱ्याला तसेच ढोसले तर त्याचे लक्ष मोडते. मेंदूचेही काहीसे असेच. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांना शब्दांच्या याद्या दाखवल्या आणि त्या वेळी मेंदूत उठणाऱ्या लहरींवरून, हा शब्द आता लक्षात राहणार की निसटणार, याचा अंदाज संगणकाला करायला शिकवले. निसटणार असे दिसले, तरच कानावरील भागाला वीज द्यायची. एरवी काही करायचे नाही. २०१८ साली त्यांनी २५ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा नेमक्या वेळी दिलेल्या विजेने शब्द आठवण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. मोठे यश आहे, यात शंका नाही. मात्र त्यासाठी कवटीच्या आत तारा हव्यात आणि क्षणाक्षणाला लहरी वाचणारा संगणक हवा. पट्ट्याच्या जाहिरातीत यातले काहीच नव्हते.

आता पावतीकडे येते.

माझी आई या शाळेत ३१ वर्षे पहिलीचा वर्ग शिकवीत होती. येथे बसलेल्यांपैकी निदान शंभर जणांनी तिच्या हाताखाली ‘अ’ गिरवला असेल. आज तिचे वय ८२ आहे. गेल्या चार वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. मला ती कधी ‘ताई’ म्हणते, कधी ‘तुम्ही’ म्हणते. जिने मला जन्म दिला तिने मला अहोजाहो करावे, हे ऐकताना काय होते ते मी येथे सांगत बसत नाही.

गेल्या वर्षी शहरातील एका खासगी केंद्राची माहिती मला कोणीतरी पाठवली. तेथे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजच्या दोन चकत्या डोक्याला बांधून अगदी मंद वीजप्रवाह देत. दहा बैठका, बारा हजार रुपये. आईवर उपचार करणारे न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, ‘‘बहुधा अपाय होणार नाही, पण मी आश्वासन देणार नाही.’’ मी त्यांच्या वाक्याचा पूर्वार्धच ऐकला.

रोज शाळा सुटल्यावर मी आईला काचीगुड्याहून ऑटोने तेथे नेत असे, आणि एका वहीत रोजची नोंद ठेवीत असे. चौथ्या दिवशी तिने माझ्या धाकट्या भावाचे नाव आपणहून घेतले. सहाव्या दिवशी परतताना तिने पावकी म्हटली, पुढे निमकीही म्हटली, एकदाही न अडखळता. त्या रात्री मी भावाला दूरध्वनी केला आणि आम्ही दोघेही रडलो. बैठका संपल्यावर तीन आठवड्यांत सारे पूर्ववत झाले.

वही मात्र राहिली. सुटीत ती पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आले की, मधले दोन दिवस मला बैठकीमुळे जाता आले नव्हते आणि भाच्याने आईला नेले होते. त्या दिवसांची पाने कोरी होती. वीज तर त्या दिवशीही मिळालीच होती. नव्हता तो ऑटोतला जाऊन-येऊन तासाभराचा आमचा संवाद, ज्यात मी तिला जुन्या विद्यार्थ्यांची नावे विचारीत असे, पाढ्यांची सुरुवात करून देत असे. मग सुधारणा विजेची की संवादाची? की त्या दिवशीही ती काही बोलली असेल आणि ऐकायलाच कोणी नव्हते? माझ्या वहीवरून यातले काहीच ठरत नाही.

हे ठरवण्याची रीत शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. अशा प्रयोगांत काही जणांच्या डोक्याला चकत्या बांधतात, कातडीला मुंग्या येण्यापुरती काही सेकंद वीज देतात आणि मग गुपचूप बंद करतात. कोणाला खरी मिळाली आणि कोणाला लटकी, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही नसते. या चाळणीतून पुष्कळ आशा गळून पडतात. टोरांटोत एका अतिस्थूल रुग्णाची भूक आवरावी म्हणून मेंदूत तार बसवताना त्याला अचानक अनेक वर्षांपूर्वीचा, मित्रांसोबतचा बागेतला प्रसंग आठवला. २००८ साली हे प्रसिद्ध झाल्यावर अल्झायमरच्या रुग्णांसाठी तोच मार्ग चाचपण्यात आला. ४२ रुग्णांच्या मेंदूत तारा बसवल्या आणि वर्षभर निम्म्यांचेच यंत्र चालू ठेवले. दोन्ही गटांत एकंदरीत फरक पडला नाही. ज्या घरांनी आपल्या माणसाची कवटी उघडू दिली असेल, त्यांच्याविषयी मला त्या वाचनानंतर फार जवळीक वाटते. आम्ही निदान बारा हजारांवरच सुटलो.

सारेच निष्फळ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बॉस्टन विद्यापीठात ६५ ते ८८ वर्षे वयाच्या १५० निरोगी ज्येष्ठांवर याच लटक्या-खऱ्या रीतीने प्रयोग झाला. रोज २० मिनिटे, असे चार दिवस डोक्याच्या कातडीवरून लयबद्ध वीज देऊन २० शब्दांच्या याद्या आठवण्यास सांगितले. सुधारणा झाली आणि ती महिनाभर टिकलीही. २०२२ साली हे प्रसिद्ध झाले. पण डोक्याच्या पुढच्या भागाला जी लय मानवली ती मागच्याला मानवली नाही. लयींची अदलाबदल करताच लाभ नाहीसा झाला. जागा आणि ताल दोन्ही जुळावे लागतात. घरी कपाळाला पट्टा बांधून हे जुळेल, असे मला वाटत नाही.

त्या पालकांना आठ दिवसांनी मी हेच सांगितले, आणि आणखी एक गोष्ट सांगितली. ऑक्सफर्डमध्ये २०१३ साली प्रौढांना संख्यांची नवी चिन्हे शिकवताना अशीच वीज दिली होती. मेंदूच्या एका भागाला दिली तेव्हा शिकणे वेगाने झाले, परंतु शिकलेले सहज, विनासायास वापरण्याची शक्ती घटली. दुसऱ्या भागाला दिली तेव्हा याच्या उलट घडले. एका हाताने देणे आणि दुसऱ्याने काढून घेणे असा हा व्यवहार प्रौढांच्या मेंदूत होत असेल, तर सतरा वर्षांच्या वाढत्या मेंदूवर तो घरच्या घरी करून पाहण्यास मी संमती देणार नाही.

‘‘मग काय करू, बाई?’’ हा त्यांचा प्रश्न उरलाच. मी म्हटले, त्याला पुस्तक मिटून आठवायला लावा. अमेरिकेतील सेंट लुईस येथे २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचू दिला आणि दुसरा न पाहता आठवेल तेवढा लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र लिहून काढलेल्यातले ५६ टक्के आठवले, पुन्हा वाचलेल्यातले ४२. आपण हैदराबादकरांनी तर हे सभागृहात बसून पाहिलेले आहे. अष्टावधानात आठ पृच्छक अवधानींना घेरून बसतात; त्यांतला एक तर मुद्दाम भलतेसलते बोलून लक्ष उडवतो. पद्यांचे चरण आळीपाळीने, तुटकपणे रचले जातात आणि अखेरीस अवधानी ती सारी पद्ये सलग म्हणून दाखवतात. आठवण्याचा सराव आठवूनच होतो, हे त्या मंडळींना कोणी प्रयोगशाळेत शिकवले नव्हते. वडिलांचे पुरते समाधान झाले नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. पट्टा मात्र त्यांनी घेतला नाही.

आईला मी आता कोठे नेत नाही. औषध चालू आहे. रोज सायंकाळी आम्ही ऑटोऐवजी गॅलरीत बसतो आणि मी पावकीची सुरुवात करून देते. कधी ती पुढे म्हणते, कधी म्हणत नाही.

जाता जाता एक विनंती करते. येथे आईचे विद्यार्थी बसले आहेत. रविवारी दुपारी चारनंतर ती गॅलरीत असते. ज्यांना शक्य असेल त्यांनी अवश्य यावे. फक्त ‘‘बाई, ओळखलंत का मला?’’ असे विचारू नका. ती गोंधळते आणि मग लाजते. आधी आपले नाव सांगा, कोणत्या बाकावर बसत होता ते सांगा, शेजारी कोण बसत असे ते सांगा आणि थोडा वेळ थांबा. घाई करू नका. चहा मी करीन.