वृद्धांची शस्त्रक्रिया, भूल आणि वात



घरातील सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले म्हणजे आप्तेष्ट आम्हां भूल देणाऱ्यांस एकच प्रश्न विचारतात : भूल पूर्ण देणार की पाठीतून? आणि दुसऱ्या रात्री आजोबा नळ्या उपटू लागले, पोटच्या मुलास ओळखीनासे झाले, की 'भुलेनेच डोके फिरले' असा निकाल लागतो. या अवस्थेस आपण वात म्हणतो. कित्येक घरी तो लाजेने झाकला जातो, हे आम्हांस अधिक घातक वाटते.

वृद्धांच्या मेंदूवरील भुलेच्या अनिष्ट परिणामांकडे बेडफर्ड यांनी १९५५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लक्ष वेधले. तेव्हापासून पूर्ण भुलेवर संशय आहे. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही प्रकारांनंतर वाताचे प्रमाण जवळजवळ सारखेच, पाचांत एक, आढळले. मग सांभाळावयाचे ते काय? धीर यावा म्हणून दिलेले डायझेपाम किंवा मिडाझोलाम आणि दुखण्यासाठी टोचलेले पेथिडिन वृद्धांस भोवते. ते शक्यतो टाळावे. रक्तदाब फार उतरू देऊ नये. मात्र दुखणे सोसावयास लावणे हाही उपाय नव्हे, कारण वेदनेनेही वात होतो. पॅरासिटामॉल आणि मांडीची नस बधिर करणारी सुई यांनी पुष्कळ काम भागते.

पण आमची सावधगिरी तुमच्या खरेपणावर उभी आहे. रात्रीची झोपेची गोळी, अलीकडे वाढलेला विसरभोळेपणा आणि आपल्या घरांत ज्याचा उच्चारही होत नाही तो रोजचा पेला, हे सारे आम्हांस आधी कळले पाहिजे. नित्याचे मद्य अकस्मात तुटले तर त्यानेच भ्रम होतो. सूनबाई दाराआड कुजबुजत हे सांगतात, तोवर बहुधा शस्त्रक्रिया उरकलेली असते!

चष्मा, कानयंत्र, कवळी घरच्या कपाटात जपून ठेवण्याची आपली रीत सोडावी. शुद्धीवर येताच ती ज्याची त्यास द्यावी. उशाशी ओळखीचे माणूस असावे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, खुबा मोडलेल्या १२६ रुग्णांच्या प्रयोगात वृद्धरोगतज्ज्ञाचा सल्ला रोज मिळालेल्यांत वाताचे प्रमाण शेकडा ५० ऐवजी ३२ राहिले.

ओरडणारा रुग्ण सर्वांस दिसतो. गप्प पडलेला निसटतो. काल नातवाशी बोलणारी आजी आज हाकेला डोळे उघडून पुन्हा मिटून घेत असेल, तर 'शांत झोपली आहे' असे न म्हणता तत्काळ डॉक्टरांस बोलवावे. तुंबलेली लघवी, फुप्फुसाचा दाह किंवा प्राणवायूची उणीव त्यामागे असू शकते.