वेटरच्या हातात काय आहे?



राज्यभरातल्या हॉटेल-उपाहारगृह व्यावसायिकांच्या या सभेचा अध्यक्ष म्हणून सरळ विषयाला हात घालतो. गॅसचे भाव, जागेची भाडी, परवाने, ऑनलाइन डिलिव्हरीवाल्यांचं कमिशन यांवर बोलायला आपल्या धंद्यात माणसं कमी नाहीत. मला बोलायचं आहे ते सेवेबद्दल, आणि तेही सगळ्या सेवेबद्दल नाही. गिऱ्हाईक जी सेवा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं, घरी जाऊन चार जणांना सांगतं, ती नेमकी कशातून घडते, एवढाच माझा प्रश्न आहे. आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं: पोरगा चांगला मिळाला. म्हणजे सेवा ही वेटरच्या स्वभावाची देणगी आणि मालकाच्या नशिबाचा भाग. मला हे मान्य नाही. लक्षात राहणारी सेवा मालकाने वेटरच्या हातात किती निर्णय सोपवला आणि त्याच्या पायाखाली किती भक्कम जमीन दिली, यावर ठरते, असं माझं मत आहे. स्वभावाचा वाटा आहेच, पण बराच नंतरचा.

अगदी रोजचं उदाहरण घेऊ. रविवारी सकाळी साडेनऊची गर्दी आहे. चार नंबरच्या टेबलावर गेलेला मसाला डोसा भटारखान्याच्या खिडकीत पाच मिनिटं पडून होता. कडा मऊ पडल्या आहेत, चटणी तेवढी थंडगार आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, हा गार आहे." वेटरला ते दिसतंय. पण ती प्लेट उचलून दुसरा डोसा आणायचा अधिकार त्याला नाही. तो कॅप्टनकडे जातो. कॅप्टन पार्सलवाल्यांशी हुज्जत घालतोय. मग गल्ला. गल्ल्यावरचे शेठ मान वर करून त्या टेबलाकडे बघतात, गिऱ्हाईक खरं बोलतंय का याचा अंदाज घेतात आणि आत विचारायला सांगतात. आतून उत्तर येतं, "गरमच दिला होता." एवढं होईपर्यंत गिऱ्हाइकाने अर्धा डोसा संपवलेला असतो आणि बिल मागितलेलं असतं. काही ठिकाणी तर परत आलेल्या प्लेटचे पैसे वेटरच्या पगारातून कापले जातात. आता हा वेटर काय शिकतो ते पाहा. टेबलाकडे पाहिलं की मागणी येते, मागणी आली की आपल्याला काही करता येत नाही आणि वर बोलणी खावी लागतात. म्हणून तो न बघायला शिकतो. आपल्या हॉटेलांबद्दलची सर्वांत जुनी तक्रार अशी की वेटर लक्षच देत नाही, हात वर करून करून खांदा दुखतो. त्या तक्रारीचं मूळ मला त्याच्या आळसात दिसत नाही, आपल्या व्यवस्थेत दिसतं. न बघणं हे त्याचं शहाणपण आहे आणि ते आपण त्याला शिकवलेलं आहे.

प्रशिक्षणवर्गांत हल्ली न्यूयॉर्कची एक गोष्ट फार सांगितली जाते. इलेव्हन मॅडिसन पार्क या नामांकित रेस्टॉरंटमध्ये विल ग्विडारा टेबलावरच्या प्लेटा उचलत असताना पाहुण्यांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं: शहरातली सगळी बडी रेस्टॉरंटं करून झाली, रस्त्यावरच्या गाडीवरचं हॉटडॉग तेवढं राहिलं. ग्विडारा धावत बाहेर गेले, गाडीवरून हॉटडॉग आणलं, शेफची मनधरणी करून त्याचे तुकडे देखण्या प्लेटीत मांडून घेतले आणि टेबलावर नेले. पाहुण्यांना त्या महागड्या जेवणापेक्षा तेच जास्त भावलं. ग्विडारांनी 2022 साली आपल्या पुस्तकात हे सविस्तर लिहिलं आहे. मात्र ही गोष्ट सांगताना आपले प्रशिक्षक एक तपशील गाळतात. ग्विडारा तिथे साधे वेटर नव्हते, रेस्टॉरंटचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: अशा कल्पना अमलात आणायला त्यांनी नंतर खास माणसं नेमली, म्हणजे जे मालकाला जमत होतं ते नोकराला जमेल अशी सोय केली. रिट्झ-कार्ल्टन हॉटेलांत पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कर्मचारी वरिष्ठांना न विचारता 2000 डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. तो आकडा जगभर गाजला. आपण मात्र 'न विचारता' हे दोन शब्द उचलावेत. आकडा ज्याने त्याने आपल्या गल्ल्याप्रमाणे ठरवावा.

आपल्याकडचा पुरावाही याच बाजूचा आहे. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे 1923 पासूनचं इराणी हॉटेल. तिथले बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जात, ऑर्डर घेत, काय मागवावं ते सांगत, इंग्लंडच्या राणीकडून आलेलं पत्र कौतुकाने दाखवत. 2019 साली वयाच्या 97व्या वर्षी ते गेले, तेव्हा लोकांनी तिथल्या बेरी पुलावाइतकीच त्यांची आठवण काढली. मुंबई-पुण्यातल्या जुन्या हॉटेलांच्या ज्या आठवणी लोक सांगतात, त्यांतल्या किती तरी मालकांच्या आहेत, वेटरांच्या नाहीत. मालक सगळे गोड स्वभावाचे असतात म्हणून असं झालेलं नाही; आपल्यातले सगळे तसे नाहीत, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. मालक जागच्या जागी निर्णय घेऊ शकतो. एक पापड जास्त ठेवायला, बिलातून चहा वगळायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

मुद्दा बोलण्या-हसण्याचा नाही, याचा एक चोख दाखला पवईत मिळाला. 2015 साली तिथे मिर्ची अँड माइम नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं. तिथली वाढणारी मुलं-मुली ऐकू-बोलू न शकणारी होती. मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थासाठी खूण दिलेली, गिऱ्हाइकाने ती करून दाखवायची. सेवा म्हणजे 'गुड इव्हनिंग सर' असं समजणाऱ्यांना हा धक्काच होता, कारण लोकांनी त्या सेवेचं भरभरून कौतुक केलं. ज्याचे डोळे सतत टेबलावर असतात त्याला हाक मारावी लागत नाही. गुजराती-राजस्थानी थाळीच्या मोठ्या हॉटेलांतही भर गर्दीत कॅप्टन आणि वाढपी बोटांच्या खुणांवर काम करतात. गिऱ्हाइकाची वाटी रिकामी व्हायच्या आत डाळ किंवा कढीवाला तिथे हजर असतो आणि 'अजून वाढू का' हे विचारायला त्याला मॅनेजरकडे जावं लागत नाही. 'अमर्याद' थाळीत वाढप्याला निर्णयाचा पूर्ण अधिकार असतो. आमरसाचा खर्च मालकाने आधीच हिशेबात धरलेला असतो. म्हणूनच ज्या शहरात इतर हॉटेलांतला वेटर नजरेला नजर देत नाही, त्याच शहरात वाढपी आग्रह करकरून जीव नकोसा करतो. माणसं त्याच गावाकडची, त्याच पगाराच्या आसपासची. फरक फक्त अधिकाराचा.

आता आक्षेप. पहिला, सभागृहात कुजबुजीने आत्ताच सुरू झालेला: अधिकार दिला तर पोरं लुटतील, ओळखीच्यांना फुकट खाऊ घालतील. काही घालतील, नाही असं मी म्हणत नाही. पण मर्यादा घालून दिली, प्रत्येक वेळचं कारण वहीत लिहायला लावलं, तर नुकसान मोजता येतं. मऊ डोसा खाऊन गुपचूप गेलेल्या आणि परत न आलेल्या गिऱ्हाइकाचं नुकसान कुठल्याच वहीत सापडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शिस्तीने, लिहून दिलेल्या नियमांनी सेवा एकसारखी होते, प्रत्येकाच्या मर्जीवर सोडलं तर एका दिवशी अप्रतिम, दुसऱ्या दिवशी भिकार. हे मला निम्मं मान्य आहे. पाण्याचा ग्लास, स्वच्छ टेबल, बिल येण्याची वेळ, हे नियमानेच व्हायला हवं. पण नियम फक्त ठाऊक असलेल्या अडचणींना पुरतो. सोबतच्या म्हाताऱ्या आजींना तिखट चालत नाही, बाळाची दुधाची बाटली गरम करायची आहे, टेबलावर कुणाचं तरी भांडण झालंय आणि आता तिथे जाऊ नये, हे कुठल्या नियमावलीत लिहिणार? लोकांच्या लक्षात राहतं ते नेमकं हेच.

तिसरा आक्षेप पुण्याचा, आणि तो गमतीत काढला जात असला तरी मी गंभीरपणे घेतो. तिथल्या कित्येक नामांकित हॉटेलांत बोलणं तुसडं, तरी बाहेर रांग. मग सेवेचं एवढं काय घेऊन बसलात? अशा मिसळीच्या दुकानात जरा बारकाईने बघा. वाढणारा माणूस तुमच्याकडे पाहून हसत नाही, 'लवकर आटपा' असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं; पण सँपल संपायच्या आत रश्श्याची वाटी न मागता येते. तोंड तिखट, हात सैल. याउलट तोंडभर हसून एका जादा पावासाठी तीन वेळा विचारायला लावणारी ठिकाणं कमी नाहीत. त्यांची आठवण कुणी काढत नाही.

चौथा आक्षेप जुन्या काळाचा: पूर्वी पोरं मन लावून काम करायची, आता टिकतच नाहीत. इथे थोडं थांबायला हवं. दक्षिण कानड्यातून मुंबईला आलेली मुलं दिवसा उडुपी हॉटेलात राबत, रात्री कन्नड रात्रशाळेत शिकत आणि त्यातली काही पुढे स्वतः हॉटेलमालक झाली. त्या पिढीच्या चटपटीतपणाचं आपण कौतुक करतो, पण ज्याला 'पोऱ्या' म्हणायचे तो अनेकदा अक्षरशः पोर होता, दहा-बारा वर्षांचा. ढाबे-हॉटेलांत 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आली ती 10 ऑक्टोबर 2006 पासून, आणि ती फार उशिरा आली. त्या काळातलं घेण्यासारखं एकच आहे: वर जायची शिडी. फडका मारणारा वेटर होई, वेटर गल्ल्यावर बसे, कधी भागीदार होई. आजच्या मुलाला ही शिडी दिसत नाही. पुढच्या गल्लीत हजार रुपये जास्त मिळाले की तो जातो. 2020 मध्ये टाळेबंदीत माणसं गावी गेली आणि ऑक्टोबरात हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा आपल्याला हाताशी जाणती माणसं नव्हती. टिकत नाहीत म्हणून आपण शिकवत नाही, आणि शिकवत नाही म्हणून ती टिकत नाहीत. यातली सुरुवात कुणी करायची याबद्दल मला शंका नाही. पगार आपण देतो.

स्थैर्य काय करतं याचा टोकाचा दाखला मुंबईतच आहे, आणि तो मी बिचकतच देतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये 11 कर्मचाऱ्यांचा जीव गेला. पाहुण्यांना सोडून ते पळाले नाहीत. जीव देणं कुणाच्याही नोकरीच्या अटींत नसतं, म्हणून सेवेचा नमुना म्हणून ते सांगू नये. पण 2011 साली हार्वर्डच्या व्यवस्थापन नियतकालिकात या वागण्यामागची कारणं शोधणारा लेख आला आणि त्याची उत्तरं आपल्या कामाची आहेत: लहान शहरांतून निवड, 18 महिन्यांचं प्रशिक्षण, वेळ आली तर कंपनीच्या आधी पाहुण्याची बाजू घेण्याची शिकवण आणि चांगल्या कामाची ताबडतोब दखल. उलट बाजूही सांगतो. 1957 पासून कामगारांच्या सहकारी संस्थांनी चालवलेली इंडियन कॉफी हाउसं वेगासाठी प्रसिद्ध नाहीत. नुसतं स्थैर्य माणसाला चपळ करत नाही. पण एका कॉफीवर तासभर बसलेल्याला तिथे कुणी उठवत नाही, आणि पिढ्यान् पिढ्या लोक त्यासाठीच तिथे जातात.

राहिला सेवाशुल्काचा प्रश्न, ज्यावर आपली संघटना माझ्यावर नाराज होईल. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: बिलात हे शुल्क आपोआप लावू नये, त्याची सक्ती करू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या उचलून धरल्या. आपला युक्तिवाद असा की ते पैसे भटारखान्यातल्या भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचतात. जिथे खरंच पोचतात तिथे ती रक्कम उघडपणे पदार्थाच्या किमतीत घाला आणि पगारात दाखवा. टिपेवर जगणारा वेटर श्रीमंत दिसणारं टेबल आधी बघतो, आणि कॉलेजच्या पोरांचं टेबल ताटकळत राहतं. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर अडकून आहे, ते त्या पद्धतीचंच फळ आहे. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, जात, लिंग यांवरून तिथे कुणाला मज्जाव करता येणार नाही. दारातून आत येण्याचा हक्क कायद्याने दिला. आत आल्यावर कोणाकडे आधी बघायचं हे पगाराची पद्धत ठरवते, आणि ती आपल्या हातात आहे.

म्हणून दुपारच्या सत्रात तीन गोष्टी ठरावाच्या रूपाने मांडतो आहे. प्रत्येक हॉटेलाने वेटरला न विचारता वापरता येईल अशी एक रक्कम ठरवावी, मग ती टेबलामागे 50 रुपये का असेना. परत आलेल्या प्लेटचे पैसे पगारातून कापणं पूर्ण बंद करावं. आणि मेन्यूकार्डावरचा प्रत्येक पदार्थ वाढणाऱ्याने स्वतः खाल्लेला असावा. 'यात काय असतं?' या प्रश्नाला 'आत विचारून सांगतो' हे उत्तर कुठल्याही हॉटेलाला शोभत नाही. तिसऱ्या ठरावाला खर्च येईल आणि त्यावर वाद होईल, हे मला ठाऊक आहे. त्या चर्चेत पहिले चार वक्ते वेटर आणि कॅप्टन असावेत अशी विनंती मी संयोजकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. शेठ लोकांनी त्यानंतर बोलावं.